पोचलं का?

स्वयंपाक चालू असेल तर चालू द्या, आवाज तेवढा थोडा मोठा करा. आज मी तुम्हाला इंग्रजीतले दोन छोटे शब्द सांगणार आहे. घाबरू नका, परीक्षा नाही. मी स्वतः बी.ए. झाले ती मराठी घेऊन. इंग्रजीचा पेपर काठावर सुटला होता. म्हणून तर मला हे शब्द फजिती होऊन शिकावे लागले.

झालं असं. आमच्या गटाच्या अध्यक्ष बदलल्या होत्या. जुन्या अध्यक्षाताई मुलाकडे राहायला गेल्या, नव्या निवडल्या. आता बँकेत सही बदलायची आणि त्यासोबत कर्जाचा अर्जही द्यायचा, म्हणून आम्ही चौघी शाखेत गेलो. तिथले साहेब नवीन आलेले, दूरच्या राज्यातले. मराठी येत नाही, हिंदी जेमतेम. ते मला इंग्रजीत काहीतरी समजावत होते आणि मी मान हलवत होते. तीन वेळा सांगून झाल्यावर ते थकून म्हणाले, ‘आय कान्ट गेट इट अक्रॉस टू यू.’

मी काय ऐकलं? ‘अक्रॉस’ आणि ‘यू’. शाळेत शिकलेलं आठवलं, ‘अक्रॉस द रोड’ म्हणजे रस्त्याच्या पलीकडे. मला वाटलं, साहेब म्हणताहेत, तुम्ही पलीकडच्या खिडकीवर जा. मी फाईल उचलली, ‘थँक्यू सर’ म्हटलं आणि निघाले. माझ्यामागे आमच्या तिघी. समोरच्या खिडकीवर रांग होती, आम्ही रांगेत उभ्या. अर्ध्या तासाने नंबर आला, तर ती पासबुक छापायची खिडकी! तिकडचा मुलगा म्हणाला, ‘ताई, हे इथलं काम नाही. तुम्हाला कुणी पाठवलं?’ मी साहेबांकडे बोट दाखवलं. साहेब कपाळाला हात लावून बसले होते.

घरी येऊन पुतणीला विचारलं. ती कॉलेजात आहे. ती हसून हसून लोटपोट झाली. म्हणाली, ‘काकू, ते म्हणत होते, मला हे तुमच्यापर्यंत पोचवता येत नाहीये. तुम्हाला समजावता येत नाहीये.’

तर ते दोन शब्द हे. ‘गेट’ आणि ‘अक्रॉस’. ‘गेट अक्रॉस’.

इंग्रजीत अशा जोड्या पुष्कळ आहेत. एक साधं क्रियापद घ्यायचं, त्याला एक छोटं शेपूट जोडायचं आणि अर्थ बदलून जातो. हे ऐकून इंग्रजी विचित्र वाटतं, पण आपण तरी दुसरं काय करतो? ‘पडणे’ हा शब्द घ्या. मूल पडलं, भिंत पडली. पण आपण सासूच्या ‘पाया पडतो’ तेव्हा कुणी पडत नाही. ‘आजारी पडणे’ वेगळं, ‘गळ्यात पडणे’ वेगळं, ‘उपयोगी पडणे’ आणखी वेगळं. परक्या माणसाला हे शिकवायला बसलो तर तोही कपाळाला हात लावेल. तसंच ‘गेट’चं आहे. जोडीने लक्षात ठेवायचं, सुटं सुटं नाही.

‘गेट अक्रॉस’चे अर्थ तसे दोनच. एक, पलीकडे जाणे किंवा पलीकडे नेणे. दुसरा, आपलं म्हणणं समोरच्यापर्यंत पोचवणे. आपल्याकडे ‘पोचणे’ या एकाच शब्दात हे दोन्ही आहे बघा. एसटी पोचली, आणि माझं बोलणं पोचलं. म्हणून मला वाटतं, हा इंग्रजी शब्द मराठी बाईला सगळ्यात लवकर कळायला हवा. फक्त कुणीतरी नीट सांगायला पाहिजे.

आता मी तुम्हाला ओढ्याची गोष्ट सांगते.

आमच्या गावाची एक वाडी ओढ्यापलीकडे आहे. वर्षातले दहा महिने ओढा कोरडा, शेरडं त्यातून चालत जातात. पण परतीचा पाऊस एकदा असा कोसळला की फरशी पुलावरून कमरेएवढं पाणी. अलीकडे आम्ही, पलीकडे वाडी. पलीकडून शाळेची पोरं, एक म्हातारा माणूस, सगळे काठावर येऊन उभे. कुणालाच येता येईना. इंग्रजीत म्हणायचं तर ‘दे कुडन्ट गेट अक्रॉस.’ त्यांना पलीकडून येता आलं नाही. 

इथे एक बारीक गोष्ट. ओलांडणे याला इंग्रजीत ‘क्रॉस’ असा साधा शब्द आहेच. ‘क्रॉस द रोड’, रस्ता ओलांडा. मग ‘गेट अक्रॉस’ कशाला? तर जिथे थोडी खटपट आहे, कसंबसं जमवायचं आहे, तिथे ‘गेट अक्रॉस’ जास्त शोभतं. ‘हाउ डू वी गेट अक्रॉस?’ म्हणजे, आता पलीकडे जायचं कसं? मुंबई-पुण्यात मोठ्या रस्त्याच्या कडेला उभ्या राहिलात, गाड्या थांबत नाहीत, तेव्हा शेजारच्या माणसाला हेच विचारायचं.

वाडीतल्या आमच्या गटाच्या बायका दूध घालतात. त्या दिवशी सकाळचं सगळं दूध कॅनमध्ये भरून काठावर आणून ठेवलं होतं. डेअरीची गाडी अलीकडे उभी. दूध काही इकडे आणता येईना. ‘वी कुडन्ट गेट द मिल्क अक्रॉस.’ बघा, इथे दूध मध्ये आलं. आपण स्वतः ओलांडत नाही, वस्तू ओलांडवतो, तेव्हा ती वस्तू ‘गेट’ आणि ‘अक्रॉस’च्या मध्ये बसते. दोन्ही काठांच्या मध्ये दूध, तसं दोन्ही शब्दांच्या मध्ये दूध. असं लक्षात ठेवा.

फोन करावा म्हटलं तर रात्रीपासून वीज नव्हती, टॉवर बंद. फोन लागेना. याला ‘गेट अक्रॉस’ म्हणत नाहीत. फोन लागणे याला म्हणतात ‘गेट थ्रू’. ‘आय कुडन्ट गेट थ्रू’ म्हणजे माझा फोनच लागला नाही. हे वाक्य पाठ करून ठेवा, आपल्याला रोज उपयोगी आहे.

मग राहिलं काय? ओरडणं. डेअरीवाला दादा म्हणाला, ‘गाडी आज थांबत नाही, त्यांना सांगा दूध आटवा. खवा तरी होईल.’ आम्ही अलीकडून ओरडलो, ‘दूध आटवाऽऽ! दूध आटवाऽऽ!’ पाण्याचा आवाज केवढा! पलीकडच्या काकींनी दोन्ही हात वर करून हलवले. म्हणजे कळलं. आम्ही निश्चिंत होऊन घरी आलो.

दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं. मी गेले आणि विचारलं, ‘काकी, खवा किती झाला?’ काकी म्हणाल्या, ‘कसला खवा? तुम्हीच ओरडत होतात ना, दूध वाटा, दूध वाटा! आम्ही घरोघर वाटलं. पोरांनी पोटभर पिलं.’

आटवा आणि वाटा! हसू तर आलंच, पण सकाळच्या दुधाचे पैसे गेले ते गेलेच. आणि कुणाला दोष द्यायचा? आम्ही घसा फोडून ओरडलो होतो. त्यांनी मनापासून ऐकलं होतं. तरी निरोप पोचला नाही. ‘द मेसेज डिडन्ट गेट अक्रॉस.’ माणसं पलीकडे गेली नाहीत, दूध आलं नाही, फोन लागला नाही आणि निरोपही पोचला नाही. त्या एका सकाळी ‘गेट अक्रॉस’चे सगळे अर्थ मी ओढ्याच्या काठावर शिकले.

ओढा मध्ये असेल तर निरोप नाही पोचत, हे आपण समजू शकतो. पण मध्ये काहीच नसताना? एकाच सतरंजीवर, गुडघ्याला गुडघा लावून बसलेलं असताना?

मैत्रिणींनो, आता सांगते ती गोष्ट हसण्याची नाही. ती माझी चूक आहे आणि मी ती गटागटांत सांगते, कारण ती लपवून कुणाचं भलं होणार नाही.

मी गटांना व्याजाचं प्रशिक्षण देते. त्या वर्षी मी नवीन शिकून आले होते, हातात तक्ता होता. मी उभी राहून सांगितलं, ‘बघा, व्याज दोन प्रकारचं असतं. एक फ्लॅट रेट, एक रिड्यूसिंग बॅलन्स. कर्ज घेताना रिड्यूसिंग बॅलन्स आहे का ते बघायचं.’ बायकांनी माना हलवल्या. मी विचारलं, ‘समजलं का?’ सगळ्या म्हणाल्या, ‘समजलं.’ चहा झाला, रजिस्टरवर सह्या झाल्या, मी पुढच्या गावाला गेले.

त्या बैठकीत एक ताई होत्या. नवरा नाही, दोन मुलं. त्यांना दोन शेळ्या घ्यायच्या होत्या, बारा हजार रुपये हवे होते. गटाची शिल्लक त्या महिन्यात दुसऱ्या दोघींना दिलेली, म्हणून त्यांना पुढच्या महिन्यापर्यंत थांबायला सांगितलं. तेवढ्यात हप्त्याने पैसे देणारा एकजण गावात आला. त्याचा दर महिना दोन टक्के. आमच्या गटाचा दरही महिना दोन टक्के. ताईंनी विचार केला, दर तोच आहे तर थांबायचं कशाला? त्यांनी त्याच्याकडून घेतले.

वर्ष संपल्यावर त्या माझ्याकडे वही घेऊन आल्या. म्हणाल्या, ‘ताई, माझ्या जावेने गटातून बारा हजार घेतले, मीही बारा हजार घेतले. दोघींचा दर दोन टक्के. दोघींनी महिन्याला हजार मुद्दल फेडलं. मग मी एवढं जास्त कसं भरलं?’

मी हिशोब केला. जावेने व्याज भरलं १,५६० रुपये. ताईंनी भरलं २,८८० रुपये. फरक १,३२० रुपयांचा. कारण गटात व्याज उरलेल्या रकमेवर लागतं आणि त्याने बाराही महिने पूर्ण बारा हजारांवर लावलं होतं.

मी म्हटलं, ‘ताई, अहो मी बैठकीत सांगितलं होतं ना! फ्लॅट आणि रिड्यूसिंग.’ त्या खाली बघून म्हणाल्या, ‘तुम्ही सांगितलं होतं. मी मानही हलवली होती. सगळ्याजणी हलवत होत्या, म्हणून मीपण हलवली. मला वाटलं, आपणच अडाणी, कशाला विचारायचं.’

बघा, ओढ्यापलीकडे काकींनी हात हलवले आणि सतरंजीवर ताईंनी मान हलवली. दोन्ही वेळा मी निश्चिंत होऊन निघून आले. आणि आठवतंय ना, बँकेत साहेबांसमोर मीही मानच हलवत होते! जिला स्वतःला माहीत आहे की न समजता मान कशी हलवली जाते, तिने दुसऱ्यांच्या मानेवर विश्वास ठेवला. १,३२० रुपये म्हणजे त्या घरात दोन्ही मुलांच्या वह्या, दप्तर आणि वर काही दिवसांचा किराणा. ते माझ्या न पोचलेल्या बोलण्यापायी गेले.

त्या दिवसापासून मी तक्ता गुंडाळून ठेवला. चिंचोके घेऊन जाते. तुम्हीही घरात करून बघा, आत्ता सुद्धा. बारा चिंचोके मांडा. एक चिंचोका म्हणजे हजार रुपये. पहिल्या महिन्यात बारा आहेत, हजाराला वीस रुपये व्याज, म्हणजे २४०. मग हप्ता भरला, एक चिंचोका उचला. आता अकरा राहिले, व्याज २२०. आणखी एक उचला. दहा राहिले, व्याज २००. असं करत शेवटच्या महिन्यात एकच चिंचोका, व्याज फक्त २०. सगळं मिळवा, १,५६० होतात. हे उरलेल्या रकमेवरचं व्याज.

आता दुसरा प्रकार. बारा चिंचोके मांडा. हप्ता भरला, एक उचला. पण समोरचा म्हणतो, उचलला तरी मी बाराच धरणार. दुसऱ्या महिन्यात २४०, तिसऱ्या महिन्यात २४०. शेवटी तुमच्यासमोर एकच चिंचोका उरलाय, तरी तो बाराचंच व्याज मागतो, २४०. बारा वेळा २४०, म्हणजे २,८८०.

पहिल्यांदा हे केलं तेव्हा एक सत्तरीच्या आजी ताडकन म्हणाल्या, ‘अगं, जे परत दिलं त्याचंही व्याज घेतो होय गं तो!’ बस्स. माझ्या दोन तासांच्या प्रशिक्षणाचं सार आजींनी एका वाक्यात सांगितलं. त्या दिवशी मी मनात म्हटलं, ‘आय गॉट इट अक्रॉस!’ पोचलं एकदाचं.

तर कर्ज घेताना नुसता ‘किती टक्के’ हा प्रश्न विचारून भागत नाही. विचारायचं, ‘किती रकमेवर? फेडल्यावर व्याज कमी होणार का? सगळं मिळून मी एकूण किती भरणार?’ आणि देणारा बँक किंवा वित्त कंपनी असेल तर एक हक्काची गोष्ट लक्षात ठेवा. रिझर्व्ह बँकेचे सूक्ष्म कर्जाचे नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. त्यानुसार कर्जाचं माहितीपत्रक आणि कर्जाचं कार्ड आपल्याला समजेल अशा भाषेत द्यावं लागतं. व्याज, इतर खर्च सगळं त्यात असायला हवं. म्हणजे आपल्यापर्यंत पोचवण्याची जबाबदारी त्यांची आहे. ‘मला समजलं नाही, मराठीत द्या’ असं म्हणण्यात लाज नाही. आणि असा कागद द्यायलाच कुणी तयार नसेल, तर सही करायच्या आधी गटात येऊन बोला.

आता मूळ मुद्द्यावर येते. बोलणं पोचलं की नाही, हे ओळखायचं कसं?

आपण ग्रामपंचायतीत अर्ज देतो, तहसीलला अर्ज देतो, तेव्हा काय घेतो? पोच घेतो. आपल्या प्रतीवर शिक्का आणि सही. नुसतं ‘दिलाय हो अर्ज’ म्हणून चालत नाही, पोच दाखवावी लागते. मग बोलण्याची पोच का नाही घ्यायची?

बोलण्याची पोच म्हणजे समोरच्या बाईने तेच आपल्या शब्दांत सांगणं. ‘समजलं का?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘समजलं.’ त्याऐवजी विचारा, ‘आता घरी जाऊन सासूबाईंना हे कसं सांगाल?’ किंवा ‘मी नीट सांगितलं का बघू, तुम्ही एकदा सांगा.’ यात खोच आहे बरं का. ‘तुम्हाला कळलं का’ म्हटलं की परीक्षा तिची होते. ‘मी नीट सांगितलं का’ म्हटलं की परीक्षा माझी होते. मग ती मोकळेपणाने बोलते.

आशाताई गोळ्या देताना हे करू शकतात, ‘कधी घ्यायची, किती घ्यायच्या, मला सांगा बरं.’ अंगणवाडीच्या ताई करू शकतात. आपण मुलाला दुकानात पाठवताना करतो की, ‘काय आणायचं, सांग बघू!’ पोराकडून घेतो ती पोच मोठ्यांकडूनही घ्यायची, एवढंच. ओढ्याच्या काठावर आम्ही काकींना म्हटलं असतं, ‘काय करणार, सांगाऽऽ’, आणि पलीकडून ‘वाटणाऽऽर’ असं ऐकू आलं असतं, तर चुलीवर दूध चढलं असतं.

आता थोडं व्याकरण, अगदी चिमूटभर. पुतणीने मला शिकवलं तसं सांगते.

एक. आपलं म्हणणं मध्ये बसवा. ‘गेट माय पॉइंट अक्रॉस’, माझा मुद्दा पोचवणे. आणि ‘ते’ म्हणायचं असेल तर ‘इट’ नक्की मध्येच हवं, ‘गेट इट अक्रॉस.’ ‘गेट अक्रॉस इट’ म्हटलंत तर अर्थ होईल ते ओलांडणे. ओढा असेल तर ‘गेट अक्रॉस इट’, निरोप असेल तर ‘गेट इट अक्रॉस’. एका शब्दाची जागा बदलली की बाई ओढ्यात!

दोन. कुणापर्यंत पोचवायचं, त्याच्या आधी ‘टू’ लावा. ‘गेट इट अक्रॉस टू द साहेब’ म्हटलंत तरी चालेल, साहेब हा शब्द त्यांनाही कळतो.

तीन. झालेली गोष्ट सांगताना ‘गेट’चं ‘गॉट’ होतं. ‘शी गॉट हर पॉइंट अक्रॉस’, तिने आपलं म्हणणं पोचवलं.

चार. दिसायला सारख्या जोड्यांत गफलत करू नका. ‘कम अक्रॉस’ म्हणजे काही अचानक सापडणं, जुन्या पेटीत आईचा फोटो सापडावा तसं. ‘गेट ओव्हर’ म्हणजे आजारातून, दुःखातून सावरणं. आणि ‘गेट थ्रू’ मघाशी सांगितलं, फोन लागणं.

चला, आता पोच द्या बघू! फोन लागला नाही, हे कसं म्हणाल? माझं म्हणणं त्यांच्यापर्यंत पोचलं नाही, हे कसं म्हणाल? बोला, चुलीसमोर बोला, कुणी हसलं तर हसू द्या.

शेवटी बँकेचं काय झालं, ते राहिलं. पुढच्या खेपेला मी पुतणीला सोबत नेलं नाही, फक्त तिच्याकडून वाक्यं लिहून घेतली, देवनागरीत, हातावरच्या चिठ्ठीत. साहेबांना म्हटलं, ‘सर, लास्ट टाइम यू कुडन्ट गेट इट अक्रॉस टू मी. प्लीज टेल मी अगेन.’ साहेब आधी चकित झाले, मग हसले. मग त्यांनी सावकाश सांगितलं. सही बदलायचा ठराव वेगळा हवा, कर्जाचा ठराव वेगळा. आम्ही दोन्ही एकाच कागदावर लिहिले होते. बस, एवढंच होतं! एवढ्यासाठी आम्ही चौघींनी मजुरीचा दिवस घालवला होता.

मी तिथेच त्यांना पोच दिली. दोन बोटं दाखवून म्हटलं, ‘टू ठराव, टू पेपर्स.’ ते म्हणाले, ‘येस, येस!’

मग मी चिठ्ठीतलं शेवटचं वाक्य वाचलं, ‘सर, आय वॉन्ट टू गेट वन थिंग अक्रॉस.’ मला एक गोष्ट तुमच्यापर्यंत पोचवायची आहे. आणि पुढचं मोडक्या हिंदीत सांगितलं, की बाई बँकेत येते तेव्हा तिचा रोज बुडतो. एका कागदासाठी तीन खेपा म्हणजे तीन दिवसांची मजुरी. काय काय कागद लागतात, त्याची यादी मराठीत लावाल का? त्यांनी ऐकून घेतलं. पासबुकाच्या खिडकीवरच्या त्या मुलाला बोलावलं आणि यादी लिहायला सांगितली. आज ती यादी भिंतीवर आहे. दोन ठरावांची ओळ सगळ्यात वर आहे, आमची आठवण म्हणून!

मैत्रिणींनो, नाबार्डने १९९२ साली गटांना बँकेशी जोडायचं काम सुरू केलं. तेव्हापासून कितीतरी बायका बँकेच्या पायऱ्या चढल्या. उंबरठा ओलांडला, हे एक पलीकडे जाणं झालं. पण आत गेल्यावर आपलं म्हणणं तिथल्या माणसाच्या मनात उतरवणं आणि त्याचं म्हणणं आपण नीट समजून घेणं, हे दुसरं पलीकडे जाणं. ते राहिलं तर पहिल्याचा उपयोग अर्धाच.

तर या आठवड्याच्या बैठकीला दोन कामं करा. बारा चिंचोके घेऊन जा आणि गटातल्या सगळ्यात कमी बोलणाऱ्या ताईंना हिशोब मांडायला सांगा. आणि बैठक संपताना सचिवांनी ‘समजलं का’ असं विचारायचं नाही. एकीने उठून आज काय ठरलं ते आपल्या शब्दांत सांगायचं, मगच सह्या करायच्या. आपली पंचसूत्री आपल्याला पाठ आहे: बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशोब. त्यांच्या जोडीला ही पोच असू द्या.

त्या शेळ्यांच्या ताईंचं विचाराल, तर त्यांनी कर्ज फेडलं, शेळ्या आता पाच झाल्या आहेत आणि पुढचं कर्ज त्यांनी गटातून घेतलं. चिंचोक्यांचा हिशोब आता त्याच शेजारच्या गटांत शिकवतात. माझ्यापेक्षा चांगला शिकवतात. शेवटी प्रत्येकीला विचारतात, ‘मी नीट सांगितलं का?’

मीही तेच विचारते. आज मी नीट सांगितलं का? पुढच्या वेळी भेटाल तेव्हा माझी पोच द्या. नमस्कार.